व्हर्लीनबाईंच्या घरातल्या पिसवा

डॉक्टरकडे न्यायचं असलं की आदल्या संध्याकाळी कुत्र्याला आंघोळ घालायची, असा व्हर्लीन टॅडलॉकबाईंचा नेम होता. माणूस डॉक्टरकडे जाताना धुतलेले कपडे घालतो, पायमोजे फाटके नाहीत ना ते बघतो. मग कुत्र्याने काय पाप केलंय? मे महिन्यापासून डीकनला चार वेळा दवाखान्यात नेलं होतं आणि चारही वेळा त्याला टबात उभं करून, साबणाने चोळून, ब्रश फिरवून, लख्ख करून नेलं होतं. म्हातारे डॉक्टर हॅलब्रुक म्हणायचे, "आला बघा काउंटीतला सगळ्यात स्वच्छ कुत्रा!" बाई वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायच्या आणि घरी येईपर्यंत खुशीत असायच्या.

कुत्रा मात्र दिवसेंदिवस उजाड होत चालला होता. शेपटीच्या बुडापासून कमरेपर्यंत केस गेलेले. खालची कातडी लाल, जाड, सुरकुतलेली. मांड्यांच्या आतून चाटून चाटून ओल आलेली. मक्याचं कणीस खावं तसा तो दिवसभर स्वतःची पाठ पुढच्या दातांनी कुरतडत बसायचा. अन्नाची ॲलर्जी असेल म्हणून त्याला हरणाच्या मांसाचं खास खाणं चालू केलं, स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. इंजेक्शन दिलं की आठ-दहा दिवस बरं जायचं, मग पुन्हा तेच कुरतडणं. जेवताजेवता मध्येच थांबून तो मागे वळायचा आणि स्वतःलाच चावायचा, तेव्हा बाई आपलं ताट सोडून त्याचं डोकं धरायला उठायच्या.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी पाचवी खेप होती आणि नेमकी आंघोळ चुकली. शुक्रवारी समुद्रावरून आलेल्या वादळाने मॅग्नोलिया बेंड गावाची मुख्य जलवाहिनी फोडली होती. चार दिवस नळाला टिपूस नाही, प्यायचं पाणी बाटल्यांतून. बाईंनी एक बाटली फोडून ओल्या फडक्याने डीकनचं तोंड आणि पाय तेवढे पुसले, आणि पाहुण्यांसमोर मळकट झग्यात जावं लागल्यासारख्या खालमानेने गाडीत बसल्या.

दवाखान्याचा सरळ रस्ता जनावरांच्या खाद्याच्या दुकानावरून जातो. बाई तिकडून गेल्या नाहीत. सप्टेंबरपासून त्या नदीकडून वळसा घालूनच जात होत्या, कारण दुकानासमोर एक आकाशी रंगाची व्हॅन उभी होती आणि तिच्या काचेला 'विकणे आहे' असा पुठ्ठा लावलेला होता. व्हॅनमध्ये टब, गरम पाण्याची टाकी, केस वाळवायचं यंत्र. शेला मेब्रीचं कुत्र्यांचं फिरतं न्हाणीघर. चोवीस वर्षांची पोर, कोंबड्यांच्या कारखान्यात दोन वर्षं राबून तिने ती व्हॅन उभी केली होती. ती विकायची पाळी तिच्यावर का आली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खरं कारण मात्र दोघींनाच ठाऊक होतं, शेलाला आणि व्हर्लीनबाईंना.

डीकन हा मुळात बाईंच्या नवऱ्याचा, रॉइसचा कुत्रा. चर्चच्या कारभाऱ्याला तिथे डीकन म्हणतात. रॉइसला बावीस वर्षांत एकदाही कुणी डीकन म्हणून निवडलं नाही, तेव्हा त्याने कुत्र्याचंच नाव डीकन ठेवलं. "घरात एक तरी डीकन असलेला बरा," म्हणायचा. दर महिन्याच्या एक तारखेला तो कुत्र्याच्या मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब टाकायचा. फेब्रुवारीत रॉइस गेला आणि ते राहून गेलं.

राहून गेलं हे बाईंचं म्हणणं. औषधाची रिकामी डबी त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकली होती. नवी आणायची तर खाद्याच्या दुकानात जायला हवं, आणि तिथे गल्ल्यावर इमोजीन हॉब्ज बसायची. इमोजीनच्या कानावर गेलेली गोष्ट रविवारच्या आत काउंटीभर होते. रॉइसने घेतलं तर तो कुत्र्याचं औषध घेतोय, व्हर्लीन टॅडलॉकने घेतलं तर तिच्या घरात पिसवा झाल्या, असा सगळा हिशेब बाईंनी मनातल्या मनात करून टाकला आणि त्या दुकानात गेल्याच नाहीत.

कारण व्हर्लीन टॅडलॉक म्हणजे साधी बाई नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं, आणि त्यातली शेवटची सलग एकोणीस वर्षं आरोग्यखात्याच्या तपासणीत शंभरपैकी शंभर मिळवले होते. शेवटच्या वर्षीचं प्रमाणपत्र दिवाणखान्यात चौकटीत होतं. रॉइसचा फोटो त्याच्या खाली.

जूनमध्ये चर्चमधल्या सगळ्यांनी आपल्या पोरीला हात द्यायचा म्हणून शेलाला एकेकदा बोलवलं, तसं बाईंनीही बोलवलं. अर्ध्या तासाने डीकनला घेऊन शेला पायऱ्या चढून आली. आजूबाजूला कुणी नाही ना ते तिने आधी पाहिलं, मग तिथे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं 'मिस' म्हणत, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मिस व्हर्लीन, रागावू नका हं. ह्याला पिसवा आहेत. फार नाहीत, दोन-तीनच सापडल्या. पण शेपटीपाशी हे जे झालंय ना, ते त्याचंच वाटतंय मला. काही कुत्र्यांना एक पिसू चावली तरी पंधरा-पंधरा दिवस खाज जात नाही. डॉक्टरांच्या कानावर घाला तेवढं."

"माझ्या घरात?" बाई म्हणाल्या. "पोरी, कुणाशी बोलतेयस कळतंय का तुला?"

"हो मॅम. तुमच्या हातचं जेवलेय की मी आठ वर्षं. घर स्वच्छ असलं तरी येतात हो त्या, ह्यात घराचा काही..."

बाईंनी दार लावून घेतलं. आपटलं असतं तर निदान राग तरी दिसला असता. त्यांनी ते अगदी हळू लावलं.

पुढचं बुधवारी झालं. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सगळे एकत्र जेवतात, आणि जेवणानंतर एकेकाने उभं राहून कुणासाठी प्रार्थना करायची ते सांगायचं असतं. मॅग्नोलिया बेंडमध्ये कुणाच्या पाठीमागे वाईट बोलणं हे पाप मानतात. पण कुणासाठी प्रार्थना मागायला काही हरकत नसते, आणि गावाला ती सवलत पुरते. बाई उभ्या राहिल्या.

"माझ्या डीकनसाठी प्रार्थना करा. त्याची पाठ अगदी भाजून निघालीय. आणि हो, त्या शेलासाठीही करा. लहान आहे हो बिचारी, कसला तरी भलताच साबण वापरते. देवाने तिला शहाणपण द्यावं."

डीकनची पाठ एप्रिलपासून तशी होती. बोलताना बाईंना ते माहीत होतं.

सगळे "आमेन" म्हणाले. पास्टर ब्रदर लमार यांनी नेहमीप्रमाणे वहीत टिपून घेतलं, आणि नेहमीप्रमाणे ते रविवारच्या पत्रकात छापून आलं, मिस रूबीच्या गुडघ्याच्या आणि कुणाच्या तरी पित्ताशयाच्या मधोमध: 'डीकन (टॅडलॉक यांचा कुत्रा), साबणाने भाजलेली पाठ. शेला मेब्री, शहाणपण.' एकशे चाळीस प्रती. जुलै संपेपर्यंत शेलाचा फोन वाजायचा थांबला. ऑगस्टपासून ती आणि तिची आई बुधवारी येईनाशा झाल्या.

दवाखान्यात त्या मंगळवारी डॉक्टर हॅलब्रुक नव्हते. हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून ते घरी, आणि त्यांच्या जागी मोबील शहरातून आलेली एक तरुण डॉक्टरीण, डॉक्टर सोलीस. बाईंनी टेबलावर डीकनला ठेवताठेवताच सुरुवात केली.

"माफ करा हं डॉक्टर. आज आंघोळ नाही घातली. नळाला पाणीच नाही."

"म्हणजे एरवी घालून आणता?"

"अर्थात."

"दर वेळी?"

"मग काय, घाणेरडा कुत्रा आणू होय तुमच्यापुढे?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, म्हणजे चोराला शोधायला आम्ही यायच्या आत दर वेळी तुम्ही त्याच्या पावलांचे ठसे पुसून ठेवलेत." मग त्यांनी खणातून बारीक दातांची एक फणी काढली, उवांसाठी असते तसली, आणि डीकनच्या शेपटीपासून मानेकडे उलटी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. फणीत पिसू एकही नव्हती. मिरपुडीसारखे काळे कण तेवढे होते.

"पाहिलंत? मातीच ही," बाई घाईने म्हणाल्या. "वादळानंतर सगळीकडे चिखल झालाय."

डॉक्टरीणबाईंनी एक पांढरा कागदी टॉवेल ओला केला, ते कण त्यावर झटकले आणि टेबलावर ठेवला. "मिनिटभर थांबू या," म्हणाल्या.

मिनिटही लागलं नाही. प्रत्येक काळ्या कणाभोवती तांबूस वर्तुळ धरायला लागलं. थोड्या वेळात कागदभर गंजासारखे डाग पसरले.

"माती असती तर काळीच राहिली असती. ही पिसवांची विष्ठा आहे. म्हणजे ह्याचंच रक्त, पिऊन बाहेर टाकलेलं."

बाईंना तो रंग ओळखीचा होता. लहानपणी, गिरणीच्या वस्तीत, खांबांवर उभ्या त्यांच्या खोपटाखाली बापाची शिकारी कुत्री झोपायची आणि सकाळी उठल्यावर चादरीवर असेच डाग असायचे. पहिलीत असताना मास्तरणीने त्यांचे घोटे बघितले, ते लाल ठिपके मोजल्यासारखे बघितले आणि त्यांचं बाक उचलून दाराशी नेऊन ठेवलं. बाकीची मुलं आत, व्हर्लीन दाराशी, आख्खं वर्षभर. तेव्हापासून सदुसष्टाव्या वर्षापर्यंत बाई उन्हाळ्यातही गुडघ्यापर्यंत मोजे घालत होत्या.

"पण मला तर एकही दिसली नाही कधी," त्या पुटपुटल्या.

"दिसणारच नाही. ज्या कुत्र्याला त्यांची ॲलर्जी असते तो इतकं चाटतो नि चावतो, की त्या त्याच्याच पोटात जातात. शंभर पिसवांचा कुत्रा कधीकधी मजेत झोपलेला असतो. ह्याला मात्र एकीची लाळ अंगात गेली तरी पुरते. केस कुठले गेलेत बघा. कमरेखालचे, शेपटीपाशी, मांड्यांवर. अन्नाची ॲलर्जी असली तर बहुतेक पंजे नि कान आधी धरते." त्यांनी फाईल उघडली. "आता एकच कोडं आहे. डॉक्टर हॅलब्रुकनी चारही वेळा लिहिलंय, पिसवांचे थेंब दर महिन्याला चालू. आहेत ना चालू?"

"हो," बाई म्हणाल्या. "एक तारखेला."

"मग पंचाईत आहे. थेंब पडूनही ही दशा असेल तर पिसवांखेरीज दुसरंही काही असणार, आणि ते सापडेतोवर मला स्टेरॉइड वाढवावं लागेल. आणि ह्याच्या लिव्हरचे आकडे आधीच वर गेलेत. आणखी किती झेपेल त्याला, मला खात्री नाही देता येत."

डीकन टेबलावर उभा होता. त्याने मान वळवून पाठ चावायला सुरुवात केली, मग बाईंकडे लक्ष गेलं म्हणून थांबला आणि त्यांच्या हाताला नाक लावलं.

"नाही टाकत," बाई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"थेंब. नवरा गेल्यापासून एकदासुद्धा नाही टाकले. मी खोटं बोलले. चार वेळा तेव्हा, आणि आत्ता एकदा."

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "बोललात ते फार बरं केलंत" म्हणाल्या आणि फाईलमधली ओळ खोडून नवीन लिहू लागल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. एक गोळी आत्ताच, पिसवा आजच मरायला लागतील. जखमांसाठी वेगळं औषध, आणि खाजेसाठी स्टेरॉइड नसलेलं. पिसवांची गोळी पुढे दर महिन्याला, थंडीतही, एकही महिना चुकवायचा नाही. आणि कुत्र्याइतकाच इलाज घरावर, कारण अंडी त्याच्या अंगावरून गालिच्यात पडतात आणि कोषात महिनोन्‌महिने दडून राहतात. म्हणून रोज व्हॅक्यूम, अंथरूण गरम पाण्यात, आणि दोन-तीन महिने नवीन पिसवा निघतच राहिल्या तरी धीर सोडायचा नाही.

"आणि हे घर घाण म्हणून होत नाही हं," त्या म्हणाल्या. "ह्या दमट किनाऱ्यावर त्या कुणाकडेही होतात. तुम्हाला आधी कुणी बोललं नाही का पिसवांचं?"

"बोलली होती एकजण. जूनमध्ये."

"हुशार आहे ती," डॉक्टरीणबाई लिहितालिहिता म्हणाल्या. बाईंनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. चेहऱ्याची आग आग होत होती आणि बघायला जागा फक्त त्या कागदाचीच होती.

पाणी आलं आणि बाई कामाला लागल्या. चादरी, पडदे, सोफ्याच्या खोळी, सगळं उकळत्या पाण्यात. रॉइसची आरामखुर्ची चारजणांनी उचलावी अशी जड, ती त्यांनी एकटीने सरकवली. डीकन तिच्या पायाशीच झोपायचा. खाली गालिच्याच्या लोकरीत तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि तेच काळे मिरपुडीचे कण. वर भिंतीवर शंभरपैकी शंभर. बाई गुडघ्यांवर बसून राहिल्या आणि आपल्याच घरात त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

शनिवारी डीकन दुपारभर झोपला. कुरतडणं नाही, दचकून उठणं नाही. पाय ताणून, घोरत, पाच तास. बाईंना आनंदाने रडू यायला हवं होतं. रडू आलंही, पण ते आनंदाचं नव्हतं. इतकं सोपं होतं हे. शेलाने जूनमध्ये दारात उभं राहून सांगितलं होतं. ह्या मुक्या जनावराने सहा महिने स्वतःची कातडी सोलली, कशासाठी? तर इमोजीन हॉब्जला काही कळू नये म्हणून. आणि त्या पोरीने तर कुणाचं काहीच बिघडवलं नव्हतं.

मंगळवारी बाईंनी लोण्याचा केक केला, डब्यात घातला आणि मेब्रींच्या घरी गेल्या. शेला नुकतीच कोंबड्यांच्या कारखान्यातून आली होती, पुन्हा तिथेच कामाला लागली होती. पायात रबरी बूट, केसांवर अजून जाळी.

"मिस व्हर्लीन," ती व्हरांड्यातच थांबून म्हणाली.

"डीकन बरा आहे," बाईंच्या तोंडून निघालं. घरून किती जुळवाजुळव करून आल्या होत्या.

"ऐकून बरं वाटलं, मॅम."

"पिसवाच होत्या."

"हो मॅम."

"तू तेव्हाच सांगितलं होतंस."

"हो मॅम."

तिच्या आवाजात टोमणा असता तर बाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं. "मग बोलली का नाहीस कुणाला?" त्या जवळजवळ रागावूनच म्हणाल्या. "एवढं सगळं गाव तुझ्या साबणाला नावं ठेवत होतं. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. 'त्या बाईच्या घरात पिसवा आहेत' म्हणायचं, झालं!"

शेलाने जाळी काढून खिशात घातली. "मिस व्हर्लीन, लोक मला मागच्या दाराने आत घेतात. कुणाच्या कुत्र्याला गोचिड्या, कुणाच्या कुत्र्याच्या पोटाला ख्रिसमसपासून ब्रश नाही, सगळं दिसतं मला. ते बाहेर बोलायला लागले तर दार कोण उघडेल? कुत्र्याचं जे दिसलं ते त्याच्या माणसाला सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही. माझं काम निम्मं तेच आहे. आणि रॉइससाहेबांना जाऊन चारच महिने झाले होते. म्हटलं, जाऊ दे."

बाईंनी डबा पुढे केला. "हा घे. केक आहे."

"आत्ता नको, मॅम." ती नम्रपणेच म्हणाली. "आईला विचारल्याशिवाय मी तुमच्याकडचं काही घरात नेणार नाही. आणि तिला विचारायची हिंमत नाही माझी. तिने ते पत्रक अजून फ्रीजवर लावून ठेवलंय. रोज सकाळी दूध बाहेर काढताना वाचते. 'शेला मेब्री, शहाणपण.'"

"मी माफी मागायला आलेय, शेला."

"हो मॅम, कळलं मला."

"व्हॅन?"

"गुरुवारी न्यायला येतोय एकजण."

"मी काय करू ते सांग. तू म्हणशील ते करते."

शेला बूट काढायला पायरीवर बसली. बराच वेळ ती बुटाशीच झटत राहिली. "ते मी कसं सांगणार?" शेवटी म्हणाली. "पण तुम्ही तेव्हा माझ्या कानात नव्हतं सांगितलं, मिस व्हर्लीन. उभं राहून सांगितलं होतं."

बुधवारी हॉलमध्ये तळलेल्या मासे-बटाट्यांचं जेवण होतं. ताटं उचलली गेली, ब्रदर लमार यांनी वही उघडली आणि विनंत्या सुरू झाल्या. मिस रूबीचा दुसरा गुडघा. कुणाच्या तरी नातवाची परीक्षा. वादळात छप्पर उडालेलं एक कुटुंब. बाईंनी हात वर केला, अर्धा खाली घेतला आणि पुन्हा वर केला.

ब्रदर लमार यांनी ते पाहिलं. दयाळू माणूस. "मनातली विनंती आहे का, सिस्टर व्हर्लीन?" त्यांनी विचारलं. ही तिथली जुनी सोय आहे. ज्याला बोलून दाखवता येत नाही त्याने नुसता हात वर करायचा, 'मनातली' म्हणायचं, आणि सगळे न विचारता प्रार्थना करतात. दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं आणि खाली बसायचं होतं.

बाई उभ्या राहिल्या. "नाही, ब्रदर. बोलून दाखवायची आहे."

हॉलमध्ये कप वाजायचे थांबले.

"माझ्या घरात पिसवा आहेत," बाई म्हणाल्या. "जूनमध्ये पण होत्या. डीकनची पाठ पिसवांनी खाल्ली, साबणाने नाही भाजली. शेला मेब्रीने मला त्याच दिवशी, माझ्याच दारात, हळू आवाजात सांगितलं होतं. मी तिच्या तोंडावर दार लावलं आणि इथे येऊन तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. प्रार्थना म्हणून सांगितलं. तुम्ही त्यावर आमेन म्हणालात, तो दोष तुमचा नाही. तिने मात्र चार महिने माझ्याबद्दल कुणापाशी ब्र काढला नाही. शहाणपण मागायचं होतं ते माझ्यासाठी मागायला हवं होतं. एवढंच."

मागच्या टेबलावर कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. बाईंच्या शेजारी इमोजीन हॉब्ज बसली होती. तिने खाली वाकून जमिनीवर ठेवलेली आपली पर्स हळूच उचलली आणि मांडीवर घेतली. बाईंना ते दिसलं. पहिलीतलं बाक पुन्हा एकदा उचलून दाराशी ठेवल्यासारखं वाटलं, पण ह्या वेळी ते ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या बसल्या नाहीत.

ब्रदर लमार घसा साफ करत म्हणाले, "मग सिस्टर, मी... वहीत काय लिहू?"

"बोलले तेच लिहा. 'व्हर्लीन टॅडलॉक, पिसवा आणि खोटं बोलणं.' आणि रविवारी छापा. तेव्हा छापलं होतंत ना, तेवढ्याच प्रती."

सभा सुटल्यावर बाई गाडीशी पोचतात तोच मागून पावलं आली. इमोजीन होती, पर्स छातीशी धरून. इकडेतिकडे बघून ती कुजबुजली, "व्हर्लीन, ती गोळी कुठली गं? म्हणजे माझ्या बहिणीच्या कुत्रीला विचारतेय. तिचीही पाठ अशीच झालीय."

इमोजीनला बहीण नव्हती. "मला कशाला विचारतेस?" बाई चांगल्या मोठ्याने म्हणाल्या. "शेलाला फोन कर. तिने तुझ्या कुत्रीला आंघोळ घातलीय ना जून महिन्यात? सांगितलंही असेल तुला तेव्हाच." इमोजीनचा चेहरा पडला. तिच्या मागे आणखी दोघी येत होत्या, त्या ते ऐकून आपापल्या गाड्यांकडे वळल्या.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला आकाशी व्हॅन बाईंच्या दारात थांबली. काचेवरचा पुठ्ठा काढलेला नव्हता. शेला पायऱ्या चढून आली. हातात फणी आणि कागदी टॉवेल.

"काल रात्रीपासून नऊ फोन आले," ती म्हणाली. "त्या माणसाला महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय. बघू या. लोक दोन दिवस बोलवतील नि विसरतील, असंही होईल. मी डीकनला बघायला आलेय."

डीकन तिला ओळखून शेपटी हलवत बाहेर आला. ती व्हरांड्यात खाली बसली, शेपटीपासून मानेकडे फणी ओढली आणि ओल्या कागदावर झटकली. दोघी वाकून बघत राहिल्या. कागद पांढराच राहिला. एका कोपऱ्यात एवढासा एक ठिपका तांबूस झाला.

"अजून एखादी आहे," शेला म्हणाली. "निघेल. सोडू नका फक्त."

"नाही सोडत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या. "आत ये ना, शेला. कॉफी ठेवते. घर... घर कसं आहे ते तुला माहीतच आहे."

शेलाने आत एकदा बघितलं. गालिचा काढून टाकलेला, आरामखुर्ची मधोमध उलटी, आणि भिंतीवर रॉइसच्या फोटोच्या वर एक रिकामा खिळा. तिने फणी पुसून खिशात घातली आणि डीकनच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आज नको, मिस व्हर्लीन," ती म्हणाली.

ती पायऱ्या उतरून गेली. व्हॅन सुरू झाली आणि नदीकडे न वळता खाद्याच्या दुकानाच्या सरळ रस्त्याने गेली. बाई बराच वेळ तशाच उभ्या होत्या. आत डास शिरत होते, पण दार लावायला त्यांचा हात होत नव्हता.